पाय कुठे ठेवू?

औंढ्यात वाढलेल्या पोरांना विसोबा खेचरांची गोष्ट कुणी मुद्दाम सांगत नाही. ती कानावर पडतच असते. माझ्यापर्यंत ती आजीच्या पायांवाटे आली. दुपारी ओसरीवर आडवी झाली की आजी म्हणायची, "उचल माय माझे पाय, अन् जिथं देव न्हाई तिथं नेऊन ठेव." मी ते भेगाळलेले पाय उचलून चुलीकडे वळवायचे, मग दाराकडे, मग गोठ्याकडे. दर खेपेला आजी मान हलवायची, "तिथं तर हाय की." मी रडकुंडीला आले की जवळ घेऊन सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची. कच्चं मडकं ठरलेले नामदेव गुरू शोधत आपल्या नागनाथाच्या देवळात आले. पाहतात तो एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला. तेच विसोबा. त्याचे पाय उचलून जिकडे ठेवावेत, तिकडे पिंड.

पुढे मी प्रवासवर्णनं लिहू लागले. वीसेक वर्षं देशोदेशी हिंडले. या कामात एक गोष्ट गृहीतच असते, की तिथे असं काही आहे जे इथे नाही. म्हणून तर तिकीट काढायचं आणि परतल्यावर लिहायचं. विसोबांचा प्रश्न नेमका त्या मुळावर येतो. सगळीकडे तेच असेल, तर बाई, तू निघालीस कुठे?

बँकॉकच्या एका देवळात हा प्रश्न अचानक समोर आला. थाई भाषेत देवळाला 'वाट' म्हणतात. उन्हातून चालून पाय सुजले होते, म्हणून आत फरशीवर बसून ते समोर लांब केले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईने न बोलता माझ्या घोट्यावर हात ठेवला आणि पाय हळूच मागे वळवले. बुद्धाकडे तळवे करायचे नसतात. मला शरम वाटली, आणि त्याच क्षणी आजीच्या भेगा आठवल्या. पाय हलवणारे हात या खेपेला दुसऱ्याचे होते, एवढाच फरक.

पण ज्या रात्रीमुळे हे लिहिते आहे, ती केनियातली. नैरोबीहून मोंबासाला निघाले होते. वाटेत गाडी बंद पडली. अंधार पडला, आणि चालक म्हणाला, आता सकाळीच. जवळच मकिंदू नावाचं गाव होतं, तिथे गुरुद्वारा आहे. युगांडा रेल्वे बांधायला पंजाबातून गेलेल्या माणसांच्या वस्तीतून तो उभा राहिला. १९२६ सालची वास्तू. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही, कोणत्याही धर्माच्या माणसाला, तिथे जेवण आणि निजायला जागा मिळते, आणि पैसे विचारले जात नाहीत. मी गेले तेव्हा पंगतीत ट्रकचालक होते, शाळेतली पोरं होती, माझ्यासारखे अडकलेले होते. वरण, पोळी, भात. आफ्रिकेच्या त्या माळावर गरम वरणाचा पहिला घास घेताना डोळे भरून आले. दिवसभराची भीती तिथे उतरली.

जेवणानंतर ग्रंथीजींनी गाव विचारलं. मी महाराष्ट्र म्हटलं, मग नांदेड म्हटलं. तिथल्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे ते नाव त्यांना ठाऊक असणारच. नांदेडजवळ कुठे, असं त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा औंढ्याचं नाव घेतलं, शेजारची नर्सी सांगितली, नामदेवांचं गाव. ते एकदम उभे राहिले. "ओही देहुरा, जो फिर गया सी?"

तेच देऊळ. कीर्तनाला मनाई झालेले नामदेव मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही आमच्या गावची दंतकथा. नंदी मागे का, असं औंढ्यात विचारलं की पोरंसुद्धा हेच उत्तर देतात. ती मला ग्रंथीजींकडून परत ऐकायला मिळाली, कारण देऊळ फिरल्याचं नामदेवांचं पद गुरू ग्रंथ साहिबात आहे. त्या ग्रंथात त्यांची ६१ पदं आहेत. मग त्यांनी गुरू नानकांची मक्केतली गोष्ट सांगितली. काबाकडे पाय करून निजले म्हणून कुणी रागावलं, तर नानक म्हणाले, जिकडे देव नाही तिकडे माझे पाय कर. मी ऐकत राहिले. आजीची गोष्ट होती ती. कोणाची कुठून कुठे गेली, याचा निवाडा मी कशाला करू? ती मकिंदूला माझ्याआधी पोचलेली होती.

आपल्याकडचं प्रवासलेखन बरंचसं कावडीसारखं आहे. विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने वरसईहून निघाले, बंडात सापडले, झाशीची धुळधाण पाहिली, आणि तरीही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन आले. त्या प्रवासाचं त्यांनी लिहिलेलं पुस्तक मी कितीदा वाचलं असेल. माझीही वही तशीच, तिथलं भरून इकडे आणायची. नामदेवांनी उलटं केलं. ते पंजाबात राहिले, तिथल्या लोकांना कळेल अशा बोलीत गायले. २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वं मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्याच घुमानला भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते, तेव्हा मी गेले होते. घुमानची माणसं सांगतात, बाबा नामदेवांनी देह इथेच ठेवला. आपण सांगतो, पंढरपूरला, १३५० साली, महाद्वाराच्या पायरीशी. येणाऱ्यांचे पाय लागावेत म्हणून. एका माणसाचा शेवट दोन गावांनी आपापल्या अंगणात जपावा, यापेक्षा प्रवाशाला आणखी काय मिळायचं?

गेल्या खेपेस औंढ्याला गेले तेव्हा भाच्याने दुधाळ्याचं शिवार दाखवायला नेलं. तिथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. दोन्ही एकमेकांपासून ३००० किलोमीटरवर, आणि लहर एकीकडून दुसरीकडे पोचायला ७ मिलिसेकंद लागले. भाचा भौतिकशास्त्र शिकतो. तो म्हणाला, "मावशी, दोनच यंत्रं असली की लहर आली हे कळतं, पण आभाळाच्या कोणत्या बाजूनं आली ते धड उमगत नाही. त्याच्यासाठी आणखी एक लांब पाहिजे. म्हणून औंढा." मी त्या माळाकडे पाहत उभी राहिले. आजीचं बोलणं ओसरीवर मी शेकडो वेळा ऐकलं होतं. ते कुठून येत होतं, हे कळायला मकिंदू लागलं.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन देवळात गेले. वय झालंय, गुडघे गेलेत, पण तिला खाली पिंडीपर्यंत जायचंच होतं. औंढ्याची पिंड भुयारात आहे. तोंड अरुंद, पायऱ्या उभ्या, वाकून आणि बसत बसत उतरावं लागतं. आई काठाशी थांबली, मला घट्ट धरून. खाली अंधारात समई होती. तिथून गुरव हात पुढे करून म्हणाला, "आजी, घाबरू नका. डोकं सांभाळा, अन् अगोदर पाय सोडा."

आईने पाय सोडले.