परवानगीची भिंत

दाबाखाली भरलेला रंग झडपेवर बोट टेकताच बारीक तुषारांच्या रूपाने बाहेर यावा, ही सोय अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या सिकॅमोर या गावी एडवर्ड सेमूर यांनी १९४९ मध्ये साधली, तेव्हा कलेचा विचार त्यांच्या मनात नव्हता. घर उबदार ठेवणाऱ्या रेडिएटरवर ॲल्युमिनियमचा रंग कसा एकसारखा बसतो, हे गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरतीच त्यांची गरज होती. या डब्याचा, म्हणजे स्प्रे कॅनचा, चित्रकलेशी ठळक संबंध जडला तो साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, फिलाडेल्फिया आणि पाठोपाठ न्यूयॉर्क येथील किशोरवयीन मुलांच्या हाती तो आल्यावर. त्या काळी पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आज सत्तरी ओलांडून गेला आहे, म्हणजे आधुनिक ग्राफिटीचा सगळा इतिहास एका माणसाच्या आयुष्यात मावतो. त्या आयुष्याच्या एका टोकाला चोरून लिहिलेले नाव आहे, तर दुसऱ्या टोकाला स्केटबोर्ड आणि बीएमएक्स सायकलींच्या जाहीर स्पर्धेसाठी मानधन घेऊन भर दिवसा रंगवलेली भिंत आहे.

या आयुष्याच्या कोवळ्या वयातील लेखनाला टॅग म्हणतात: स्वतःच घेतलेले टोपणनाव, एकाच रंगात, एका दमात उमटवलेले. २१ जुलै १९७१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ‘टाकी १८३’ अशी सही करणाऱ्या मुलावर बातमी छापली. १८३व्या रस्त्यावर राहणारा हा मुलगा निरोप्याचे काम करीत शहरभर हिंडत असे आणि जाईल तेथे नाव सोडून येत असे. बातमीनंतर अनुकरण करणाऱ्यांची संख्या वाढली, भिंतींवर गर्दी झाली, आणि गर्दीत नाव उठून दिसावे म्हणून अक्षरे फुगली, त्यांना बाह्यरेषा, सावल्या आणि अनेक रंग लाभले. अशा सविस्तर कामाला पीस म्हणतात, आणि त्यातील अक्षरे एकमेकांत इतकी गुंतली की बाहेरच्या माणसाला वाचता येऊ नयेत, तर त्या शैलीला वाइल्डस्टाइल हे नाव आहे. भुयारी रेल्वेच्या यार्डात रात्री उभ्या असलेल्या गाड्यांवर हे काम चाले, आणि पकडले जाण्याची भीती हीच तेथील शिक्षिका असे: कोणता रंग आधी उडवायचा, कागदावरचे रेखाटन अंधारात कसे आठवायचे, बाह्यरेषा न थांबता कशी ओढायची, हे सगळे तिने शिकवले. १२ मे १९८९ रोजी त्या रेल्वेने ग्राफिटी असलेली शेवटची गाडी सेवेतून काढली, तोवर पहिली पिढी प्रौढ झाली होती.

ग्राफिटी आणि स्केटबोर्ड यांची सोयरीक जाहिरातदारांनी जुळवली, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९७०च्या दशकात सँटा मोनिका येथील झेफर या सर्फबोर्डच्या दुकानाशी निगडित असलेल्या क्रेग स्टेसिक यांच्या फळ्यांवरील चित्रकामात त्याच वस्तीतील भिंतलेखनाची ढब होती, आणि त्याच दुकानाच्या मुलामुलींच्या चमूने १९७५ च्या डेल मार येथील स्पर्धेत स्केटबोर्डचा चेहरामोहरा बदलून टाकला. दोन्ही छंदांना जागाही एकाच प्रकारची लागे: कोरडे पडलेले पोहण्याचे तलाव, पुलाखालची सावली, कोणालाच नको असलेले काँक्रीट. लंडनच्या साउथबँक सेंटरखालील मोकळा तळभाग हे याचे ठळक उदाहरण आहे. १९७०च्या दशकापासून तेथे स्केटबोर्ड चालत आले आहेत आणि त्याच खांबाभिंतींवर रंगाचे थर चढत आले आहेत. २०१३ मध्ये ती जागा दुकानांसाठी वापरण्याचा बेत पुढे आला, तेव्हा मोठी चळवळ उभी राहिली आणि २०१४ मध्ये ती जागा स्केटबोर्डवाल्यांकडेच राहील, असा समझोता झाला.

परवानगीही या आयुष्यात हळूहळूच आली. १९८१ मध्ये ‘द क्लॅश’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या युरोप दौऱ्यात फ्युचुरा २००० हे न्यूयॉर्कचे ग्राफिटीकार गाणे चालू असताना रंगमंचावर मागचा पडदा रंगवीत असत. प्रेक्षकांसमोर आणि बोलावण्यावरून केलेले हे काम आजच्या स्पर्धास्थळावरील चित्रणाचे पूर्वज म्हणता येईल. १९८६ मध्ये कीथ हॅरिंग यांनी हार्लेममधील हँडबॉलच्या एका भिंतीवर अमली पदार्थांविरुद्धचे चित्र परवानगीवाचून काढले, त्याबद्दल दंड भरला, आणि ते चित्र पुसले गेल्यावर त्याच वर्षी उद्यान विभागाच्या संमतीने त्याच भिंतीवर ते पुन्हा काढले. भिंत तीच आणि हातही तोच असताना गुन्ह्याची कला होण्यास काही महिने पुरले, याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण दरम्यानच्या काळात बदलला होता तो फक्त भिंतीच्या मालकाचा विचार.

अशा परवानगीचे आजचे एक ठिकाण म्हणजे ॲक्शन स्पोर्ट्स, म्हणजेच चाकांवर किंवा फळीवर उड्या, गिरक्या आणि घसरण यांची कसरत करणारे आणि बहुधा पंचांच्या गुणांवर निकाल लागणारे खेळ. १९९५ मध्ये ईएसपीएन वाहिनीने ऱ्होड आयलंड येथे भरवलेले, पुढे एक्स गेम्स या नावाने ओळखले गेलेले सामने आणि फ्रान्समध्ये १९९७ साली सुरू झालेला, माँपेलिए येथे भरणारा फीझ महोत्सव यांमुळे या खेळांना प्रायोजक आणि दूरचित्रवाणी प्रक्षेपण मिळाले. तात्पुरत्या उभारलेल्या लाकडी रचनेला रस्त्याचा चेहरा हवा असतो, आणि तो देणारा माणूस म्हणून ग्राफिटीकाराला बोलावणे येते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्ड, बीएमएक्स फ्रीस्टाइल आणि ब्रेकिंग हा नृत्यप्रकार प्लास द ला काँकॉर्द येथे एकत्र आले. हिप-हॉप संस्कृतीत ग्राफिटीचे भावंड मानले जाणारे ब्रेकिंग पदकाचे मानकरी ठरले. ग्राफिटीला मात्र अशा सोहळ्यांत पार्श्वभूमीपलीकडचे स्थान अद्याप नाही.

पार्श्वभूमीचे हे काम वाटते त्याहून अवघड आहे. प्लायवूडचे फलक, नालीदार पत्र्याचे मालवाहू कंटेनर किंवा खरखरीत काँक्रीट यांवर आधी रोलरने बाहेरच्या भिंतींसाठीचा इमल्शन रंग देऊन एकसंध पाया करावा लागतो, अन्यथा कोरडे लाकूड महागडा रंग पिऊन टाकते आणि आधीचे काम खालून डोकावते. कागदावरील मंजूर रेखाटन भिंतीएवढे मोठे करण्यासाठी हल्ली भिंतीवर वेड्यावाकड्या खुणा आणि अक्षरे खरडून तिचे छायाचित्र घेतात आणि फोनवर त्या छायाचित्रावर रेखाटन बसवून, कोणती रेषा कोणत्या खुणेजवळून जाते हे पाहून आखणी करतात. मुंबईतील सिनेमाचे बॅनर रंगवणारे पेंटर चौकोनांची जाळी आखून हेच साधत. त्यांची जाळी अधिक शिस्तीची होती; नव्या पद्धतीत दोरी आणि मोजपट्टी लागत नाही, एवढाच तिचा फायदा आहे.

त्यानंतर डबा हाती येतो. १९९४ मध्ये बार्सिलोनाच्या परिसरात सुरू झालेल्या मोंटाना कलर्स या कंपनीने ग्राफिटीकारांची गरज ओळखून रंग बनवले, आणि आज कमी दाबाचे, सावकाश रंग सोडणारे ४०० मिलिलिटरचे डबे सर्रास मिळतात. तोंडावरील प्लास्टिकची टोपी, जिला कॅप म्हणतात, रेषेची जाडी ठरवते: बारीक कॅपने बाह्यरेषा आणि रुंद कॅपने भरणी होते, डबा भिंतीजवळ नेल्यास कडा धारदार येते, तर दूर धरल्यास रंग विरत जातो. फिकट रंगाने आखणी, मग भरणी, पार्श्वभूमी, सावली, शेवटी बाह्यरेषा आणि तिच्यावर चकाकीचे ठिपके, असा क्रम बहुधा असतो. वाऱ्याने तुषार उडतात. उन्हात डबे ठेवणे धोक्याचे असते, म्हणून पन्नास अंशांपेक्षा अधिक तापमानात ते नेऊ नयेत असा इशारा त्यांवर छापलेला असतो. आणि द्रावकांची वाफ छातीत जाऊ नये म्हणून कापडी पट्टी नव्हे, तर सक्रिय कोळशाचे गाळणे असलेला मुखवटा घालावा लागतो.

खेळाडूंची गरज वेगळीच असते. ज्या उतारावरून चाक जाणार, तेथे स्प्रेचा गुळगुळीत थर दिल्यास पकड सुटते, म्हणून चित्र रॅम्पच्या बाजूंवर, पाठीवर आणि भोवतीच्या भिंतींवर येते. वरच्या काठावर बसवलेला लोखंडी पाइप, म्हणजे कोपिंग, हवेतून खाली येणाऱ्या सायकलस्वाराला क्षणात दिसला पाहिजे, त्यामुळे त्याच्या लगत गजबजलेली नक्षी काढणे म्हणजे एखाद्याचे हाड मोडण्याची तजवीज करणे होय. कॅमेऱ्यापुढेही माणूस चित्रात विरघळून चालत नाही. थोडक्यात, एके काळी स्वतःचे नाव सर्वांत ठळक करण्यासाठी झटलेल्या हाताला येथे दुसऱ्याला ठळक करण्यासाठी झटावे लागते, आणि ही प्रौढपणाची खरी कसोटी आहे.

अडचण आहे ती नावाची. मंजुरीच्या फेऱ्यांत प्रायोजकाचे रंग शिरतात, बोधचिन्हाची जागा वाढते, आणि चित्रकाराची सही कोपऱ्यात, अनेकदा माणसांच्या गुडघ्याच्या उंचीवर, उरते. मानधन घेण्यात गैर काही नाही. तमाशाच्या फडाने किंवा बँडवाल्यांनी सुपारी घेतली म्हणून त्यांची कला कोणी हलकी मानीत नाही. परंतु वाजवणाऱ्याचे नाव सुपारी देणाऱ्याच्या नावाखाली झाकले जाऊ लागले, तर तो व्यवहार एकतर्फी होतो.

महाराष्ट्रात हे आयुष्य उलट्या क्रमाने सुरू झाले. विनापरवाना भिंत रंगवण्याला येथे १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा लागू होतो, आणि मुंबईत २००९ मध्ये सेनापती बापट मार्गावरील रेल्वेलगतची लांब भिंत महापालिकेच्या संमतीनेच नागरिकांनी आणि चित्रकारांनी रंगवली. न्यूयॉर्कच्या मुलाला जी परवानगी मोठेपणी मिळाली, ती येथे अनेकांना पहिल्याच भिंतीपाशी मिळते. त्यामुळे भीतीने शिकवलेला वेग आणि नेमकेपणा त्यांना सरावाने कमवावा लागतो.

राहता राहिला चित्राच्या आयुर्मानाचा प्रश्न. न्यूयॉर्कमधील फाइव्ह पॉइंट्झ या इमारतीवरील चित्रे मालकाच्या परवानगीने काढलेली होती, तरी नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याने ती पांढऱ्या रंगाने पुसून टाकली. २०१८ मध्ये न्यायालयाने १९९० च्या दृश्यकलाकार हक्क कायद्याखाली २१ चित्रकारांना ६७ लाख ५० हजार डॉलरची भरपाई दिली. भारतात स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५७ कलाकाराचा नैतिक हक्क मान्य करते, आणि दिल्लीच्या विज्ञान भवनातून काढलेल्या ब्राँझ म्युरलबद्दल अमरनाथ सेहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्याचाच आधार दिला. ग्राफिटीकार आपले चित्र अमर राहावे असा हट्ट धरीत नाही, कारण एकावर दुसऱ्याने रंगवणे ही त्याच्याच जगाची रीत आहे. मात्र दुसऱ्या चित्रकाराने रंगवणे वेगळे आणि कंत्राटदाराने स्पर्धा संपताच पांढरा हात मारणे वेगळे. म्हणून स्पर्धेनंतर त्या भिंतीचे काय होणार आणि सही किती मोठी असणार, हे आयोजकांनी रंगखरेदीपूर्वी लिहून द्यावे, आणि चित्रकाराने ते हाती आल्याखेरीज पहिला डबा हलवू नये.