चौघांची तुकडी

सुट्टीत कॅडेट काय करतो, असे कोणी विचारले तर ‘खातो आणि झोपतो’ हे प्रामाणिक उत्तर आहे. त्याला ‘गेम खेळतो’ हे जोडायला जरा धीर लागतो, कारण हे मासिक घरी आई-बाबा वाचतात आणि इथे उस्तादही वाचतात. तरीही मी लिहितो आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत चुलतभावाच्या लॅपटॉपवर मी एकच गेम खेळलो. त्यात वीर योद्धा होण्यापेक्षा चार माणसे निवडणे जास्त अवघड होते, आणि ते चार जण निवडताना जे डोक्यात आले ते शाळेत आल्यावरही गेले नाही.

गेमचे नाव ‘डार्केस्ट डंजन’. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या रेड हुक स्टुडिओज या छोट्या कंपनीने तो जानेवारी २०१६ मध्ये काढला. एका जुन्या वाड्याखाली आणि आसपास भुयारे, पडके अवशेष, जंगल आहे. तिथे राक्षस आणि सांगाडे माजले आहेत. आपण स्वतः आत जात नाही. गावात घोडागाडीतून नवे लोक येतात, त्यांतून चार जणांची तुकडी करून आपण आत पाठवतो. कोणी मेला तर तो कायमचा मेला. गेम स्वतःच सेव्ह होत राहतो, त्यामुळे मागे जाऊन निर्णय बदलता येत नाही.

चौघे एका रांगेत उभे असतात. पहिला सर्वांत पुढे, चौथा सर्वांत मागे. समोर शत्रूंचीही तशीच रांग. इथे पहिली गंमत आहे. प्रत्येकाला सात डावपेच येतात, त्यांतले चारच एका वेळी बरोबर नेता येतात, आणि प्रत्येक डाव ठरावीक जागेवरूनच खेळता येतो. क्रुसेडर हा चिलखतातला तलवारबाज पहिल्या-दुसऱ्या जागेवर वाघ असतो. त्याला ढकलून चौथ्या जागेवर टाकले की त्याचे तलवारीचे बहुतेक डाव खेळताच येत नाहीत. व्हेस्टल ही जखमा भरून काढणारी साध्वी. तिला ओढून सर्वांत पुढे आणले की तिला कोणाचीच जखम भरता येत नाही. माणूस तोच, ताकद तीच, जागा चुकली की उपयोग फार कमी. आणि शत्रूने बेसावध गाठले तर रांग पार उलटसुलट होते. म्हणून प्रत्येकाजवळ आपल्या जागेचे उत्तम काम तर हवेच, पण शेजारच्या जागेवर पडल्यास निभावून नेणारे एखादे कामही हवे.

सुरुवातीला कोणालाही वाटते की चार तगडे घ्यावेत. क्रुसेडरची प्राणशक्ती ३३ असते आणि बाकी बहुतेकांची त्याहून बरीच कमी. मग चार क्रुसेडर का नाहीत? कारण अवशेषांत एक सांगाडा भेटतो, हातात पेला घेतलेला दरबारी. तो सर्वांत मागे उभा राहतो. तो जखम फारशी करत नाही, पेला भिरकावतो आणि आपल्या माणसांचा ताण वाढवतो. पुढच्या दोन जागांवर वार करणारी तलवार त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पुढचे सांगाडे कापून काढेपर्यंत तो निवांत पेले फेकत राहतो. म्हणून मागच्या रांगेपर्यंत हात पोहोचणारा कोणीतरी लागतो. प्लेग डॉक्टर तिथे विषारी गोळा फेकते किंवा धुराने त्या दोघांना एक पाळी गुंगीत ठेवते. शत्रू ज्या पाळीत गुंगीत आहे त्या पाळीत तो मारत नाही, आणि न झालेली जखम भरावी लागत नाही. या गेममध्ये जखमा भरण्याचा वेग होण्याच्या वेगापेक्षा कमीच असतो, त्यामुळे ही गोष्ट फार मोलाची आहे.

गेम सुरुवातीला जे चौघे आपल्या हाती देतो तेच मुळात समतोल तुकडीचा नमुना आहेत. पुढे मार खाणारा आणि मारणारा क्रुसेडर, त्याच्या मागे पिस्तूल आणि कट्यार दोन्ही चालवणारा हायवेमन, तिसरी प्लेग डॉक्टर, चौथी व्हेस्टल. एक भिंत, एक हात, एक युक्ती, एक मलमपट्टी. पण हाही नमुना सगळीकडे चालत नाही. सांगाड्यांना रक्तच नसते, त्यामुळे रक्तस्राव घडवणारे वार तिथे वाया जातात. तिथे विष चालते. म्हणजे आधी विचारायचे की जायचे कुठे आहे, आणि मग की कोण जाणार. शिधा, मशाली, फावडी यांचेही तसेच. फावडे नसेल तर वाटेतला ढिगारा हाताने उपसावा लागतो आणि त्यात जीव, उजेड आणि धीर तिन्ही खर्च होतात. आमच्या कॅम्पच्या आधी उस्ताद प्रत्येकाची पिठू उघडून तपासतात ते मला त्या वेळी आठवले.

आता खरा मुद्दा. या गेममध्ये प्रत्येकाच्या नावाखाली दोन पट्ट्या असतात. एक प्राणशक्तीची आणि दुसरी ताणाची. अंधार, उपास, शत्रूचा जबर वार, सोबत्याचा मृत्यू, या सगळ्यांनी ताण वाढतो. तो १०० झाला की माणसाची परीक्षा होते. साधारण चारात एकदा तो उलट खंबीर होतो. बाकी वेळा तो ढासळतो. कोणी संशयी होतो, कोणी स्वार्थी, कोणी भित्रा, कोणी शिवराळ. ढासळलेला माणूस आपली पाळी सोडून देतो, मलमपट्टी नाकारतो आणि सोबत्यांना टोचून बोलतो. त्या बोलण्याने बाकीच्यांचा ताण वाढतो. ताण २०० झाला की हृदयच बंद पडायला येते. मी गमावलेल्या बहुतेक तुकड्या राक्षसाच्या दाताने मेल्या नाहीत. आधी एक जण आतून ढासळला, मग त्याने दुसऱ्याला ओढले, आणि राक्षसाने फक्त शेवट केला.

वसतिगृहात राहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही सहावीत आलो तेव्हा आमच्या डॉर्ममध्ये एक मुलगा होता. पीटीत सर्वांत पुढे, दोरावर सर्वांत वेगात. तो पहिली टर्म संपताना घरी गेला आणि परत आला नाही. त्याची पहिली पट्टी भरलेली होती. माणसाची दुसरी पट्टी कोणाला दिसत नाही, एवढाच गेममध्ये आणि डॉर्ममध्ये फरक आहे.

गेममध्ये जेस्टर नावाचा एक विदूषक आहे. प्राणशक्ती जेमतेम १९. पण तो मागे उभा राहून वाद्य वाजवतो आणि सोबत्याचा ताण उतरवतो. नवा खेळाडू त्याला घेत नाही, कारण त्याच्या गाण्याने कोणी मरत नाही. मीही आधी मोजत बसायचो की तेवढ्या पाळीत किती वार झाले असते. लांबच्या मोहिमेत हिशेब वेगळा निघतो. चौघेही शुद्धीवर राहिले तर चौघांचेही वार होतात.

आमच्या हाऊसमध्ये असा एक जण आहे. आम्ही त्याला ‘रेडिओ’ म्हणतो, कारण तो बंद होत नाही. या टर्ममध्ये सांघिक अडथळा शर्यतीसाठी आठ जण निवडायचे होते. आठ जणांनी एक ओंडका घेऊन सगळे अडथळे पार करायचे, आणि घड्याळ थांबते ते शेवटचा गडी रेषेपलीकडे आल्यावर. एकट्याच्या धावण्यात रेडिओ नववा होता. आठवा आणि तो यांच्यात काही सेकंदांचाच फरक. निवडीच्या वेळी आम्हा दहावीच्या मुलांनाही मत विचारले गेले. काही जणांचे म्हणणे होते की वेळ म्हणजे वेळ, नाहीतर उद्या प्रत्येक जण म्हणेल मी विनोदी आहे, मला घ्या. हे म्हणणे चूक नव्हते. मी एवढेच म्हणालो की ही शर्यत शेवटच्या गड्याच्या वेळेवर ठरते, आणि सरावात रेडिओ ओंडक्याखाली असतो तेव्हा आपला शेवटचा गडी लवकर येतो. मागच्या सहा सरावांच्या वेळा आमच्या वहीत होत्या. त्या वाचून दाखवल्यावर मला आणखी बोलावे लागले नाही. ओंडका सहा फुटी भिंतीवर अडकला की बाकीचे एकमेकांवर ओरडतात. रेडिओ ओंडक्याला शिव्या घालतो. सगळे हसतात आणि ओंडका पलीकडे जातो. शर्यतीत आम्ही दुसरे आलो. पहिले आलो असतो तर ही गोष्ट जास्त शोभली असती, पण वेळ आमच्या सगळ्या सरावांपेक्षा चांगली होती. ज्याची जागा गेली त्या आठव्याला दोन दिवस वाईट वाटले, आणि ते वाटणारच. निवड म्हटली की कोणीतरी बाहेर राहतो.

यावरून दादाचा आणि माझा एक वाद अजून मिटलेला नाही. घोडागाडीतून येणारे नवे लोक फुकट असतात. दादा चार नवखे घेतो आणि मशालीशिवाय आत पाठवतो. अंधारात धोका जास्त, पण लूटही जास्त. ते सोने घेऊन परत आले की त्यांचा ताण उतरवण्यावर तो पैसे घालवत नाही. सरळ काढून टाकतो आणि पुढचे चार घेतो. “अरे, ती काय खरी माणसं आहेत का?” असे तो म्हणतो. मी त्याला सांगितले की शेवटच्या भुयारात चार मोहिमा आहेत आणि एकदा तिथून आलेला माणूस पुन्हा आत जायला तयार होत नाही, म्हणजे किमान सोळा तयार माणसे हवीत. ती वापरून फेकण्यातून तयार होत नाहीत. त्यावर तो म्हणाला, “त्या सोळा जणांना तयार करायला पैसे कुठून येतात? या फुकट्यांकडूनच ना?” हिशेबाने तो बरोबर आहे. त्याची तिजोरी माझ्यापेक्षा नेहमी भरलेली असते.

तरी मी तसे खेळत नाही. ती माणसे खरी नाहीत हे मलाही कळते. पण सवय खरी असते. आमच्यातल्या बऱ्याच जणांना एनडीएला जायचे आहे. त्याआधी सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डासमोर फळी, बल्ली आणि दोर घेऊन एका गटाला अडथळ्यांपलीकडे जावे लागते. तिथे गट आपण निवडत नाही, मिळेल तो गट घेऊन पार व्हायचे असते. पायदळाच्या सेक्शनमध्ये दहा जण असतात. तिथेही घोडागाडीतून नवे दहा येत नाहीत. जे आहेत त्यांची जागा ओळखायची, त्यांची दुसरी पट्टी डोळ्यांनी नाही तर कानांनी वाचायची, आणि गरज पडली तर मोहीम सोडून सगळ्यांना परत आणायचे. माघार घेतली की गेममध्येही सर्वांचा ताण वाढतो, पण चौघे जिवंत राहतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जाता येते.

पुढच्या वर्षी हाऊसची निवड आमची बॅच करणार आहे. सहावीतून येणारी पोरे कोणत्या डॉर्ममध्ये, कोणाच्या शेजारी झोपतील तेही आम्हालाच ठरवायचे आहे. धावण्याच्या वेळा वहीत असतीलच. माझे म्हणणे आहे की वहीत आणखी एक रकाना आखावा. त्याला शीर्षक काय द्यायचे ते अजून ठरलेले नाही. रेडिओने जे सुचवले आहे ते छापण्यासारखे नाही.