न कळलेल्या गाण्याला टाळ्या

पबमध्ये गेलो म्हणून चळवळीतल्या एका मित्राने मला चांगलेच सुनावले. आधीच सांगून टाकतो, पाचवे शील शाबूत आहे. लिंबू सोडा प्यायलो, तोही अव्वाच्या सव्वा भावाचा. गेलो होतो 'परवाझ' ऐकायला. बंगळुरूचा बँड, गातात उर्दूत आणि काश्मिरीत. २०१४ चा त्यांचा 'बारान' हा अल्बम कित्येक वर्षे मोबाइलवर ऐकत आलोय. पुण्यातली ती जागा एवढीशी, की ड्रमचा ठोका थेट छातीत बसत होता. गिटारचे सूर लांबत जायचे, एकमेकांत विरघळायचे आणि मध्येच खालिद अहमदचा आवाज हाकेसारखा वर चढायचा. मग काश्मिरी गाणे सुरू झाले. आमच्या टेबलावर कुणाला एक शब्द कळत नव्हता, पण "हिंदी गा" असे कुणी ओरडले नाही. टाळ्या मात्र कडकडून पडल्या.

तिथे मला धाकटा भाऊ आठवला. तो गायन पार्टीत ढोलकी वाजवतो, गातोही. कॉलेजच्या गॅदरिंगला त्याने वामनदादा कर्डकांचे गाणे निवडले, तर आयोजक म्हणाले, "सगळ्यांना कळेल असं काहीतरी घे."

गाणे मराठीत होते.

मित्रा, पुढच्या वेळी तिकीट मी काढतो, तू ये. भावालाही आणतोय.