आंबोलीमार्गे, विजेवर

पुण्याहून सावंतवाडीला निघताना आमच्याकडे पूर्वी एकच चर्चा व्हायची: कोणत्या घाटानं उतरायचं? विजेची गाडी घेतल्यापासून कोल्हापुरात कुठे थांबायचं, हेही ठरवावं लागतं. निपाणी, आजरा, आंबोली या वाटेनं अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. गाडीची बॅटरी ४५ युनिटची. शहरात ती युनिटला आठ किलोमीटर सहज देते, महामार्गावर नव्वदच्या आत राहिलं तर साडेसहा. एका दमात माहेर गाठता येत नाही, पण एका थांब्यात निवांत पोचता येतं.

आदल्या रात्री पार्किंगमध्ये गाडी चार्जिंगला लावली आणि पहाटे पूर्ण भरलेल्या बॅटरीनं निघालो. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूर, मग खंबाटकीचा चढ. मालानं भरलेले ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत चढत होते. आमच्या गाडीला गिअरच नाही. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण ताकद देते, त्यामुळे चढावर पुढे काढताना कसलीही ओढाताण होत नाही. बॅटरीचे टक्के मात्र घाटात भराभर उतरतात आणि सवय नसलेला माणूस तिथेच धास्तावतो. वर पोचल्यावर सपाटीला गणित पुन्हा बसतं. आकडा खरा बिघडवतो तो वेग. ऐंशी-पंच्याऐंशीवर गाडी जेवढी चालते, त्याच्या पाऊणपटही ती एकशेदहावर चालत नाही. यजमान शेजारी बसून दर थोड्या वेळानं टक्के वाचत होते; साताऱ्यानंतर त्यांनी ते सोडून दिलं.

साताऱ्याच्या पश्चिमेला चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. कराडच्या उजवीकडे कोयनेचं खोरं, तिथला जलविद्युत प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. हा रस्ता विजेच्या इतका जवळून जातो. तरी राज्याची बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, परळी इथे कोळसा जाळूनच होते आणि विजेच्या गाडीबद्दल बोलताना हे झाकून ठेवू नये. पण पेट्रोलच्या इंजिनात जळालेल्या इंधनातली जेमतेम पाव ऊर्जा चाकांपर्यंत जाते, बाकीची उष्णता होऊन हवेत. मोटरमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कामी येते. शिवाय सिग्नलला उभ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर धूर येत नाही. आज कोळशावर चालणारी ही गाडी उद्या सौर विजेवर चालेल, त्यासाठी ती बदलावी लागणार नाही. पेट्रोलच्या गाडीला ती सोय नाही.

कोल्हापूरला पोचलो तेव्हा पंचवीस टक्के उरले होते. मोबाइलच्या ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर एका हॉटेलच्या आवारात होता. वेगवान, ६० किलोवॅटचा. तिथला पोरगा लांबूनच हात हलवत आला. “ताई, मशीन काल सांजच्यापासनं बंद हाय. पलीकडच्या पंपावर जावा, तिथं हुतंय बघा.” पलीकडच्या पंपावर यंत्र चालू होतं, पण त्याच्यासमोर कुणी डिझेलची जीप लावून जेवायला गेलेलं. मालक सापडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली. प्लग लावल्यावर पाऊण तासात गाडी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली, तेवढ्यात आमची मिसळ झाली आणि पाय मोकळे झाले. ऐंशीनंतर चार्जिंगचा वेग मुद्दामच कमी होतो, बॅटरी जपण्यासाठी. शंभर होईपर्यंत रस्त्यावर ताटकळणं म्हणजे वेळ आणि दुसऱ्याची जागा दोन्ही अडवणं.

इथे मला राग आला, तो गाडीचा नव्हे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं ठरलं आहे. पण उद्घाटन झालेलं यंत्र आणि चालू असलेलं यंत्र यांत फरक आहे. बंद यंत्र चोवीस तासांत दुरुस्त करायची सक्ती हवी आणि चार्जरसमोर फुकट गाडी लावणाऱ्याला दंड हवा.

आजऱ्यानंतर रस्ता अरुंद होत जातो. आंबोलीला धुकं होतं. घाटमाथा सातशे मीटरच्या जवळपास उंच, सावंतवाडी जवळजवळ समुद्राच्या पातळीला. डिझेलच्या गाडीनं हा घाट उतरताना ब्रेकचा जळका वास मी लहानपणापासून घेतला आहे. विजेच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच जनित्र होते, गाडी आवरते आणि तीच ऊर्जा बॅटरीत परत जाते. वळणामागून वळण उतरत दाणोलीला आलो, तेव्हा माथ्यावरच्या आकड्यात तीन टक्क्यांची वाढ झाली होती आणि ब्रेकला पाय फारसा लागलाच नव्हता. परतीच्या चढाला याच्या तिप्पट लागतात, तेही सांगून ठेवते.

घरी अंगणात गाडी शिरली तरी कुणाला पत्ता नाही. आई एकदम दचकली. “आवाजच येणा नाय गो हेचो! वाटेर ढोरां बसलेली आसतत, त्येंका कळाचा कसा?” तिची शंका रास्त आहे. गावात शिरताना मी हॉर्नवर बोट ठेवते.

खरी अडचण रात्री आली. पडवीतल्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटला चार्जर लावला तर त्यावर लाल दिवा. अर्थिंग नाही! जुन्या घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते. मिक्सर, पंप बिनबोभाट चालतात म्हणून कळत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नसेल तर वीज घेतच नाही. सकाळी दादानं वायरमन आणला. त्यानं विहिरीजवळच्या ओलसर जागेत खड्डा काढला, लोखंडी पाइप पुरला, कोळसा आणि मीठ भरलं, वर पाणी ओतलं आणि तार मीटरच्या बोर्डापर्यंत आणली. दुपारी हिरवा दिवा लागला. तासाला तीन युनिट, म्हणजे रात्रभरात पाऊण बॅटरी. गाडीच्या निमित्तानं घरातल्या फ्रिजला आणि गिझरलाही अर्थिंग मिळालं, हा फायदा कुठल्याच जाहिरातीत नसतो.

दादानं सरळ खर्च विचारला. आमच्या आधीच्या पेट्रोल गाडीला एका बाजूला पंचवीस लिटर लागायचे, म्हणजे अडीच हजारांवर. या खेपेला घरची वीज आणि वाटेतलं चार्जिंग मिळून निम्म्याहून कमी झाले. रस्त्यावरचा चार्जर महाग असतो, म्हणून लांबच्या प्रवासात बचत एवढीच. रोज घरी चार्ज करून शहरात फिरणाऱ्याला पेट्रोलच्या चौथाई खर्चात भागतं. ऑइल बदलणं नाही, क्लच नाही. गाडीची किंमत मात्र जास्त असते, ती वापरातून वसूल होते. महिन्यातून दोनदा गाडी काढणाऱ्यानं तेवढ्यासाठी ती घेऊ नये.

ज्यांच्या पार्किंगपर्यंत स्वतःची वायर येते, त्यांनी पुढची गाडी विजेचीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांनी गाडीच्या शोरूमच्या आधी सोसायटीच्या कार्यालयात जावं. वाहनांच्या चार्जिंगसाठी महावितरण वेगळं मीटर देतं. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय लेखी मांडा, आणि शेजाऱ्यानं मांडला तर हात वर करा.