बोजारा आणि कुऱ्हाड

नंदनवनातील एका वसाहतीत गेली काही वर्षे 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलांच्या वेशभूषेचा सोहळा होतो. गच्चीवर काळे पडदे लागतात, भोपळ्यांचे कागदी चेहरे टांगले जातात आणि शहरातीलच चार महाविद्यालयीन तरुण गिटार व ड्रम घेऊन गाण्यास येतात. ‘हॅलोवीन’ हा शब्द उच्चारताना वडीलधाऱ्यांची जीभ अजून अडखळते. मुलांची अडखळत नाही. 2024 साली ही तारीख ऐन दिवाळीत आली, तेव्हा आकाशकंदिलाशेजारी लोंबणारा सांगाडा पाहून निर्वाणकल्याणकाच्या तयारीत असलेल्या घरांना ते मुळीच रुचले नव्हते.

पुढच्या वर्षी तेथील एका घरात नऊ वर्षांच्या नातवाने काळा झगा मागितला आणि त्यासोबत लाल रंग माखलेली प्लास्टिकची कुऱ्हाड. झग्याला कोणाची हरकत नव्हती. कुऱ्हाड पाहताच दादींनी मात्र हातातील नवकारवाळी बाजूला ठेवली.

आजोबांना त्यात फारसे वावगे वाटले नाही. त्यांचे बालपण इतवारीत, दुकानाच्या माडीवर गेलेले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, चाकांवरचा लाकडी बैल दोरीने ओढत, कोणी कृष्ण, कोणी शिवाजी महाराज, कोणी शेतकरी होऊन मुले दारोदार फिरत. खऱ्या बैलांना आवरणे मुलांना झेपणार नाही, म्हणून नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांच्या काळी हा मुलांचा पोळा सुरू झाला, असे सांगतात. दारी आलेल्या बैलाची पूजा होते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवला जातो. वऱ्हाड-नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगावयाचे, तर नाणी, खाऊ, वही, पेन्सिल, जे घरधन्याच्या मनात येईल ते, म्हणजे बोजारा. आजोबांच्या दुकानी चिक्कीचा डबा त्या दिवसासाठी वेगळा भरला जाई, आणि त्याचा खर्च वहीत स्वतंत्र मांडला जाई. आयर्लंडातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी सलगमाऐवजी भोपळे कोरले आणि पुढे मुले गोडधोड मागत घरोघर हिंडू लागली, ते ऐकून आजोबा म्हणाले, “म्हणजे बोजाराच की!”

तान्हा पोळा येतो तो बहुधा पर्युषणात. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचे जन्मवाचन कधी त्याच दिवशी, कधी लगेच दुसऱ्या दिवशी. नातवाने त्या वर्षी देरासरात इंद्राचा मुकुट घातला होता. चौदा स्वप्ने एकेक करून उतरली, ढोल वाजला, बोल्या झाल्या, श्रीफळ वधारले आणि निघताना प्रभावना मिळाली. आदल्या संध्याकाळी तोच मुलगा फेटा बांधून बैल ओढत होता. सूर्यास्तानंतर मिळालेला बोजारा त्याने चौविहारामुळे तोंडात घातला नाही. उशाशी घेऊन झोपला. वेश बदलणे आणि वाद्यांमागे नाचणे या घराला परके नव्हतेच.

प्रश्न कुऱ्हाडीचा होता. दादींनी त्याला यशोधर राजाची कथा सांगितली. सोमदेवसूरींनी 959 साली पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलका’त ती आहे आणि त्याही आधी हरिभद्रसूरींच्या ‘समराइच्चकहे’त. यशोधराला बळी द्यावयाचा नव्हता. आईने आग्रह धरला, तेव्हा त्याने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा कापला. रक्ताचा थेंबही सांडला नाही. तरीही मायलेकांना मोर, कुत्रा, मासा, बकरा असे जन्म घ्यावे लागले, कारण मारण्याचा भाव मनात आलाच होता. “पीठ असो वा प्लास्टिक,” दादी म्हणाल्या, “हात मारण्यासाठीच उचलतोस ना?”

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मग मारबत?”

नागपूरकराला मारबत सांगावी लागत नाही. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत मिरवणुकीने निघतात. काळीची परंपरा 1881 पासूनची, तेली समाजाच्या पिवळीची 1885 पासूनची, असे मानले जाते. इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या बाकाबाई भोसले यांचे प्रतीक म्हणजे काळी, ही लोकश्रुती. इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते. मागून महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या त्या वर्षाच्या संतापाचे बडगे येतात. ढोल-ताशांच्या गजरात रोगराई आणि पीडा घेऊन जाण्याचे मारबतीला ओरडून विनवले जाते आणि अखेर तिला जाळले जाते. त्या दिवशी इतवारीत धंदा होत नाही. आजोबा अर्धे शटर ओढून ओट्यावर खुर्ची टाकतात आणि पन्नास वर्षे हौसेने हे सारे पाहत आले आहेत. नातूही दोन वर्षांपासून त्यांच्या मांडीवर बसून पाहतो.

“तिलाही जाळायच्याच भावाने नेतात ना, दादाजी?”

आजोबांनी सुरुवात केली, की ते पीडेचे दहन आहे, व्यक्तीचे नव्हे. पण काळीला बाईचे नाव आहे, हे त्यांनीच त्याला शिकवले होते. ते मध्येच थांबले. दादींनीही त्यांना सोडवले नाही.

31 ऑक्टोबरला मुलगा सूर्यास्तापूर्वी जेवला, काळा झगा घालून गच्चीवर गेला. हात रिकामे होते. वाद्यवृंदाने एक मराठी गाणे वाजवले तेव्हा तो सर्वांत पुढे नाचला, असे शेजारणीने सांगितले. टॉफ्यांची पिशवी त्याने घरी आणून तशीच ठेवली, आणि सकाळी नवकारशी झाल्यावर आईसोबत प्रत्येक वेष्टनावर जिलेटीन लिहिले आहे का ते पाहिले. पाच टॉफ्या बाजूला निघाल्या.

आजोबांनी अद्याप पुढच्या मारबतीबद्दल काही म्हटलेले नाही. चिक्कीचा डबा मात्र दोन किलोंऐवजी तीन किलोंचा घ्यावा, असे त्यांनी दुकानात सांगून ठेवले आहे.