भुई कळंना

घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावात पायाला मुंग्या येण्याला कुणी आजार म्हणत नाही. वय झालं, वात आहे, शुगर आहे, एवढ्यावर विषय मिटतो. मायला शुगर होतीच, मेटफॉर्मिनही बरीच वर्षं चालू होतं. पण चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि ती तशीच पुढे चालत जायची. "कापसावर चालल्यावानी वाटतंय, भुईच कळंना," म्हणायची. उजेडात जमायचं; पहाटे अंधारात मात्र भिंत धरावी लागायची. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा.

जालन्याच्या डॉक्टरांनी हे डोळे मिटण्याचं दोनदा विचारलं. मग तिला पाय जुळवून उभं केलं नि डोळे मिटायला लावले. ती डोलायला लागली. थरथरता ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर टेकवला, घोट्यावर टेकवला. तिला काही जाणवलं नाही. पाय कुठे पडतोय ही खबर मज्जारज्जूच्या मागच्या भागातून मेंदूकडे जाते. ती वाट बिघडली की माणूस नजरेच्या आधाराने चालतो.

रक्तात बी-12 फारच कमी निघालं. नसांवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं, ते बी-12 वाचून टिकत नाही. रोज लागतं जेमतेम 2 मायक्रोग्रॅम, पण ते भाजीभाकरीत नसतं; दूध, अंडी, मासे, मटण यांतच असतं. आमचं घर माळकरी. म्हशीचं दूध डेअरीला जायचं, मायच्या वाट्याला चहापुरतं. त्यात मेटफॉर्मिनमुळे बी-12 चं शोषण घटतं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून दुखणं इतक्या उशिरा वर आलं.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. थकव्यावर तिला आधी लोह-फॉलिकच्या गोळ्या मिळाल्या होत्या. हिमोग्लोबिन वाढलं, घरात सगळ्यांना बरं वाटलं. फॉलिक अ‍ॅसिड रक्तातली खूण पुसतं, नसांची झीज मात्र चालूच राहते. आमच्याकडे थकलेल्या बाईला पहिल्यांदा हीच गोळी हातात पडते!

आणि हे एका मायचं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा तिघांतल्या दोघांत बी-12 कमी होतं. 2006 साली ते छापून आलं. खेड्यापेक्षा शहरी मध्यमवर्गात कमतरता जास्त होती.

मायला इंजेक्शनं सुरू झाली; आधी रोज, मग आठवड्याला, आता महिन्याला. थकवा लवकर गेला. मुंग्या कमी व्हायला महिने लागले. आता ती अंधारात भिंत न धरता अंगणात येते, चप्पल निसटली तर थांबते. दोन्ही अंगठे अजून बधिर आहेत. झीज जुनी असली की सगळं परत येत नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शुगरची गोळी चालू आहे तोवर बी-12 ची तपासणीही चालू ठेवायची आहे.