चौथा खेळाडू

या दिवाळीत नेकनूरला घरीच ‘गो’ची टूर्नामेंट घ्यायची, असा किडा डोक्यात शिरलाय. खेळाडू? ग्नू गो, पाची आणि काटागो. तिघेही कॉम्प्युटर प्रोग्रॅम! पट १९ बाय १९ ऐवजी ९ बाय ९चा, नाहीतर सुट्टी त्यातच संपायची. पांढऱ्याला साडेसात गुण वाढीव. काळा आधी खेळतो ना! अर्धा गुण बरोबरी टाळायला.

फोनवर अण्णांना रंगवून सांगितलं, २०१६मध्ये सोलला अल्फागोनं ली सेडोलला ४-१ हरवलं. आठवडी बाजारात भाव करण्यात मुरलेले अण्णा म्हणाले, ‘‘तो एक डाव कसा जिंकला?’’

७८वी चाल! मी सांगतच सुटलो. मग ते हळूच म्हणाले, ‘‘मशीनच खेळणार, तर आपण दोघं काय करायचं रे?’’

वेळापत्रक बदललं. आता रोज फोन येतो, ‘‘काळा घेऊ का पांढरा?’’